बांदो तामासाबुरो : घराण्याबाहेरून आलेला मुलगा आणि काबुकीतील स्त्री

रानवारा

नोकरीनिमित्त योकोहामात राहायला आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे मी काबुकी या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकाराच्या वाटेला गेलो नाही. संवादांची भाषा जुनी, प्रयोग चार-साडेचार तासांचा आणि तिकीट महाग, म्हणून हे आपल्यासाठी नव्हे असे मी मनाशी ठरवून टाकले होते. मग एका जपानी सहकाऱ्याने सांगितले, की तोक्योच्या गिन्झा भागातल्या काबुकी-झा नाट्यगृहात चौथ्या मजल्यावर बसून एकच अंक पाहण्याचे स्वस्त तिकीट मिळते. रांगेत उभे राहून मी ते तिकीट काढले, आणि त्यानंतर काबुकीने मला सोडले नाही. आज ज्या नटाविषयी लिहायला बसलो आहे, त्याच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

बांदो तामासाबुरो हे नाव लावणारे ते पाचवे. जन्म २५ एप्रिल १९५०, तोक्यो. काबुकीत स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाला ‘ओन्नागाता’ म्हणतात, आणि गेल्या अर्धशतकातला सर्वांत थोर ओन्नागाता कोण, असे विचारले तर बहुतेक जाणकार यांचेच नाव घेतील. नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. काबुकी हा घराण्यांचा खेळ आहे. नाव, भूमिका, मेकअपच्या खुणा, अगदी पदराखालच्या हातांची ठेवणसुद्धा बापाकडून मुलाकडे जाते, आणि मोठ्या भूमिका मोठ्या घराण्यांतल्या मुलांच्याच वाट्याला येतात. तामासाबुरो यांचा जन्म अशा घरातला नाही. त्यांच्या घरचा व्यवसाय पारंपरिक जपानी भोजनगृहाचा होता. त्यात तान्हेपणीच त्यांना पोलिओ झाला. पायांत बळ यावे म्हणून मुलाला नृत्य शिकवावे असे घरच्यांनी ठरवले, आणि नाचाच्या त्या वर्गातून तो काबुकीच्या दारात जाऊन पोचला.

नृत्य शिकवणाऱ्या फुजिमा कान्शिए या नट चौदावे मोरिता कान्या यांच्या पत्नी होत्या. कान्या यांनी मुलाला शिष्य करून घेतले. डिसेंबर १९५७ मध्ये ‘बांदो किनोजी’ या नावाने तो प्रथम रंगमंचावर आला, तो ‘तेराकोया’ या नाट्यप्रवेशात. या प्रवेशात एका गावशाळेत धन्याचा मुलगा लपवून ठेवलेला असतो. त्याचे शिर मागायला शत्रू येतात तेव्हा त्याच्या जागी त्याच दिवशी शाळेत दाखल झालेल्या दुसऱ्या एका मुलाचा बळी दिला जातो. सात वर्षांच्या किनोजीने केली ती या दुसऱ्या मुलाची, कोतारोची भूमिका.

१९६४ साली कान्या यांनी त्याला रीतसर दत्तक घेतले, आणि काबुकी-झाच्या रंगमंचावर चौदाव्या वर्षी त्याला ‘बांदो तामासाबुरो’ हे नाव मिळाले. हेच नाव दत्तक वडिलांनी स्वतः लहानपणी लावले होते. दत्तकाची ही रीत काबुकीत जुनी आहे आणि तिच्यात कमीपणा मानत नाहीत, कारण तिथे वंश चालतो तो नावाचा. तरीही बाहेरून आलेल्या मुलाला सर्व काही शिकून सिद्ध करावे लागते, आणि मला या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

शरीरही अनुकूल नव्हते. तामासाबुरो उंच आहेत. स्त्रीभूमिकेत नटाने पुरुषपात्रापेक्षा ठेंगणे दिसावे लागते, कारण प्रेक्षकाच्या डोळ्याला ते नाते उंचीतूनच आधी कळते. यावर ओन्नागाताचे जे तंत्र आहे, ते मी जवळून पाहिले तेव्हा थक्क झालो. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढून खाली उतरवायची, म्हणजे खांदे अरुंद होतात आणि मान लांब दिसते. गुडघे एकमेकांना चिकटवून किंचित वाकवायचे, पावलांची टोके आत वळवायची आणि याच अवस्थेत चालायचे. तालमीत गुडघ्यांच्या मध्ये कागद धरून तो पडू न देता चालायला लावतात. किमोनो, वजनदार विग आणि ओबीचा पट्टा अंगावर असताना वाकलेल्या गुडघ्यांनी तासभर उभे राहायचे आणि चेहऱ्यावर कष्टाची रेष येऊ द्यायची नाही. ज्या मुलाच्या पायांत बळ यावे म्हणून नाच सुरू झाला होता, त्याने आयुष्यभर भार टाकला तो त्याच पायांवर.

---

जुनी पेटी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या घरातली मी आहे, त्यामुळे मनात प्रश्न आला. आपल्याकडे ‘एकच प्याला’तली सिंधू एका पुरुषाने उभी केली आणि घरोघरच्या स्त्रियांनी तिच्या साड्यांचे, दागिन्यांचे अनुकरण केले. पण स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि एका-दोन पिढ्यांत ती परंपरा विरून गेली. जपानमध्ये ती टिकली, ती कशामुळे? तिथे स्त्रियांना अजूनही बंदी आहे का?

---

रानवारा

बंदी केव्हाच उठली. पण प्रश्नाचे उत्तर समजायला थोडे मागे जावे लागेल.

काबुकीची सुरुवातच एका स्त्रीने केली. इझुमो नो ओकुनी या नर्तकीने १६०३ च्या सुमारास क्योतोमध्ये नदीकाठी केलेले नाच म्हणजे काबुकीचा आरंभ, असे मानले जाते. पुढे स्त्रियांच्या नाचमंडळ्या आणि वेश्याव्यवसाय यांची सरमिसळ झाली, तेव्हा शोगुन या लष्करी सत्ताधीशाच्या राजवटीने १६२९ साली स्त्रियांना रंगमंचावर मनाई केली. त्यांची जागा कोवळ्या मुलांनी घेतली. तोच प्रकार त्यांच्याबाबतही घडू लागला, म्हणून १६५२ मध्ये त्यांनाही बंदी झाली. नंतर परवानगी मिळाली ती फक्त प्रौढ पुरुषांना, आणि तीही कपाळावरची आकर्षक झुलपे भादरून टाकण्याच्या अटीवर. भादरलेली जागा झाकण्यासाठी स्त्रीभूमिका करणारे नट कपाळावर जांभळ्या रेशमाचा तुकडा लावू लागले. काही भूमिकांत तो तुकडा आजही दिसतो, आणि आता तो सौंदर्याचे लेणे समजला जातो.

म्हणजे नटाजवळ तारुण्याचे रूप उरलेच नाही, आणि त्याला स्त्री उभी करावी लागली ती केवळ कलेतून. माझ्या मते परंपरा टिकण्याचे कारण इथे आहे. बालगंधर्वांच्या भूमिकांचा प्राण त्यांचे गाणे होते, आणि ते गाणे स्त्रीही गाऊ शकत होती. काबुकीतली स्त्री मात्र अडीचशे वर्षांत पुरुषाच्या शरीरासाठी घडवलेल्या हालचालींची बनली होती. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) स्त्रियांना रंगभूमी मोकळी झाली, त्या नव्या नाटकांत उतरल्या, पण काबुकीने आपली घडण बदलली नाही.

सतराव्या-अठराव्या शतकातला प्रसिद्ध ओन्नागाता योशिझावा आयामे याचे म्हणणे होते, की या नटाने रोजच्या जगण्यातही स्त्रीसारखे वागावे, तरच रंगमंचावरची स्त्री खरी ठरेल. तामासाबुरो या मताचे नाहीत. रंगमंचाबाहेर ते साध्या सूट-शर्टात वावरतात आणि पुरुषाच्या सहज आवाजात बोलतात. आपण स्त्रीकडे पुरुषाच्या डोळ्यांनी पाहतो आणि चित्रकाराने कुंचला वापरावा तसे शरीर वापरून तिचे चित्र काढतो, अशा अर्थाचे ते अनेकदा बोलले आहेत.

---

शब्दवेल्हाळ

ओन्नागाता म्हणजे स्त्रीची नक्कल नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे मला पहिल्यांदाच कळले. तामासाबुरोंच्या कोणत्या भूमिकेपासून सुरुवात करावी? मी जपानी भाषा जाणत नाही.

---

नाट्यवेडी

मी उत्तर देऊ का? माझे शिक्षण ओसाकात झाले. जपानी येत नसेल, तर ‘सागी मुसुमे’ या नृत्यनाट्यापासून सुरुवात करा. ‘सागी’ म्हणजे बगळा आणि ‘मुसुमे’ म्हणजे मुलगी. तामासाबुरोंच्या प्रयोगाचे चित्रीकरण जपानमधल्या चित्रपटगृहांत दाखवले जाते.

पडदा उघडतो तेव्हा बर्फ पडत असतो, आणि पांढऱ्याशुभ्र वधूवेषातली एक आकृती छत्री घेऊन पाठमोरी उभी असते. ही बगळ्याचा आत्मा असलेली, प्रेमात होरपळलेली मुलगी. काही वेळाने मंचावर मागे बसलेला मदतनीस तिच्या किमोनोतले टाक्यांचे दोरे अलगद ओढून काढतो, आणि एका झटक्यात पांढरे वस्त्र गळून आतला लाल किमोनो झळकतो. या युक्तीला ‘हिकिनुकी’ म्हणतात. दोरा वेळेआधी सुटला तरी फजिती आणि अडकला तरी फजिती, म्हणून नट आणि मदतनीस यांचा श्वास एक असावा लागतो. तामासाबुरोंच्या प्रयोगात मला तो दोरा ओढणारा हात दिसलाच नाही. मी दुसऱ्यांदा केवळ तो हात पाहायचाच असे ठरवून बसले, तरी ऐन क्षणी माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर गेली.

शेवटी ती मुलगी पुन्हा पांढऱ्या वेषात, जखमी पंखांनी तडफडत, बर्फात कोसळते. हे नृत्य मूळचे १७६२ सालचे आहे. मृत्यूचा आजचा शेवट मात्र नंतरचा असून, १९२२ मध्ये जपानला आलेल्या आन्ना पावलोवा या रशियन बॅले नर्तिकेच्या मरणाऱ्या हंसाच्या नृत्याचा त्यावर परिणाम आहे, असे सांगतात. तामासाबुरोंनी १९८४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊसमध्ये हे नृत्य केले आणि पाश्चात्त्य प्रेक्षकांना त्यांचे नाव कळले. २००९ साली त्यांनी ते शेवटचे संपूर्ण सादर केले. त्या वेळी त्यांचे वय ५८ होते. बगळ्याची ती वाकलेली पाठ आणि शेवटची तडफड पाहिलेल्या कोणालाही हा निर्णय का झाला ते विचारावे लागणार नाही.

---

कावेरीकाठ

वरचे वर्णन वाचून चित्रीकरण शोधले आणि आज सकाळी पाहिले. आणखी काय लिहावे, सुचत नाही. त्यांची कारकीर्द एका नृत्यावर उभी नसणार, हे उघड आहे. पुढचा प्रवास कोणी सांगेल का?

---

रानवारा

नाट्यवेडी, तुम्ही ‘सागी मुसुमे’ लिहिले म्हणून माझे काम हलके झाले. ‘हिकिनुकी’तला तो हात मलाही कधी दिसला नाही.

तामासाबुरोंचे नाव गाजू लागले ते विसाव्या वर्षाच्या आसपास. लेखक युकिओ मिशिमा यांनी १९६९ साली तोक्योच्या राष्ट्रीय नाट्यगृहासाठी काबुकी शैलीतले एक नवे नाटक लिहून दिग्दर्शित केले, आणि त्यातल्या राजकन्या शिरानुईसाठी एकोणीस वर्षांच्या तामासाबुरोंची निवड केली. पतीचा विश्वासघात करणाऱ्या माणसाला बर्फात बांधून दासी त्याच्या अंगात खिळे ठोकतात आणि राजकन्या त्या वेळी शांतपणे कोतो हे तंतुवाद्य वाजवत बसते, असा तो प्रसंग आहे. एवढ्या क्रौर्याच्या मध्यावर थंड सौंदर्य उभे करायचे होते, आणि ते या कोवळ्या नटाला साधले.

त्यानंतर जोडी जमली ती काताओका ताकाओ यांच्याशी. तेही उंच आणि देखणे. ज्या उंचीमुळे तामासाबुरोंची अडचण होत होती, ती या जोडीत अडचण राहिली नाही, आणि सत्तरच्या दशकात ‘ताका-तामा’ या नावाने तरुण प्रेक्षक काबुकीकडे लोटले. त्यांचे गाजलेले नाटक म्हणजे चौथे त्सुरुया नानबोकू यांनी १८१७ मध्ये लिहिलेले ‘साकुराहिमे’. राजघराण्यातली साकुराहिमे आपल्यावर बळजबरी करणाऱ्या दरोडेखोराच्याच प्रेमात पडते आणि शेवटी वेश्यागृहात पोचते. तिथून परतल्यावर ती राजकन्येच्या अदबशीर बोलीत सुरुवात करते आणि त्याच वाक्यात बाजारातली रांगडी बोली मिसळते. भाषा पुरती कळत नसूनही मला ते वळण ऐकू आले, कारण तामासाबुरोंचा आवाज एका श्वासात मजले उतरतो. प्रेक्षक आधी हसतात आणि मग गप्प होतात.

ताकाओ यांनी १९९८ मध्ये पंधरावे काताओका निझाएमोन हे घराण्याचे नाव धारण केले. पुढे २०२१ साली, महासाथीमुळे प्रयोगांची वेळ मर्यादित असताना, हे नाटक दोन भागांत, एप्रिल आणि जून महिन्यांत, त्याच दोघांनी काबुकी-झात केले. मधे ३६ वर्षे गेली होती. जूनमध्ये निझाएमोन ७७ वर्षांचे होते आणि तामासाबुरो ७१. सतरा वर्षांची राजकन्या पाहताना मला एकदाही वय आठवले नाही, असे मी म्हणणार नाही. आठवले. पण ज्या क्षणी ती दरोडेखोराच्या हातावरचे गोंदण ओळखते आणि आपल्या बाहीतला हात हळूहळू पुढे करते, तिथे वयाचा विचार सुटला.

काबुकीबाहेरही त्यांनी बरेच केले. शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ केली. पोलिश दिग्दर्शक आंद्रे वायदा यांच्या १९९४ च्या ‘नास्तास्या’ या चित्रपटात दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीतले राजपुत्र मिश्किन आणि नास्तास्या हे दोघेही तेच झाले. नव्वदच्या दशकात स्वतः चित्रपट दिग्दर्शित केले. २००८ साली चीनच्या कुन्छू या प्राचीन संगीतनाट्यातली नायिका त्यांनी चिनी कलावंतांबरोबर, त्यांच्याच भाषेत गाऊन केली. साडो बेटावरच्या ‘कोदो’ या ढोलवादकांच्या संघाचे कलादिग्दर्शक म्हणून २०१२ ते २०१६ या काळात काम केले. २०११ मध्ये क्योतो पारितोषिक मिळाले आणि २०१२ मध्ये जपान सरकारने त्यांना ज्या सन्मानाला लोक ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात, तो दिला.

---

जुनी पेटी

एक शंका. स्वतः बाहेरून आलेल्या या नटाने पुढच्या पिढीला काय दिले? आपल्याकडे थोर कलावंताबरोबर त्याची कला संपल्याची उदाहरणे फार आहेत, म्हणून विचारते.

---

रानवारा

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला एका भूमिकेतून द्यावेसे वाटते, आणि ती मी पाहिलेली आहे.

तिचे नाव आकोया. मूळ बाहुलीनाट्य १७३२ सालचे. आकोया ही क्योतोची गणिका. तिचा प्रियकर कागेकियो हा पराभूत पक्षाचा योद्धा लपून बसला आहे, आणि तो कुठे आहे हे तिला ठाऊक असेल म्हणून तिला पकडून आणतात. मोराचे भरतकाम केलेला जड ओबी पुढे बांधून ती प्रेक्षकांमधून जाणाऱ्या ‘हानामिची’ या वाटेवरून शिपायांच्या पहाऱ्यात येते. इवानागा नावाचा उग्र अधिकारी तिला छळण्याची साधने मागवतो. शिगेतादा हा न्यायाधीश मात्र तीन वाद्ये आणवतो: कोतो, शामिसेन आणि कोक्यू. मन खोटे असेल तर सूर ढळेल, म्हणून ही तिन्ही वाद्ये वाजव, असे तो सांगतो. ती तिन्ही वाजवते, एक सूरही ढळत नाही, आणि ती सुटते.

मंचावरचे वादन खरे असते. नट स्वतः वाजवतो, तेही आकोयाच्या मनःस्थितीत राहून, गायकाच्या कथनाशी जुळवून. कोक्यू हे गजाने वाजवायचे छोटे वाद्य आहे. त्यात तार बदलायला गज तिरपा करत नाहीत, तर वाद्यच मांडीवर फिरवतात. एवढ्या जड वेषात, गुडघे दुमडून, ते वाद्य फिरवताना मनगटाखेरीज काहीही हलू द्यायचे नाही. तीन वाद्ये या पातळीवर शिकायला लागणारी वर्षे आणि अभिनयाची वर्षे एकाच आयुष्यात मावत नाहीत, म्हणून ही भूमिका करणारे फार थोडे. सहावे नाकामुरा उताएमोन यांच्यानंतर १९९७ मध्ये तामासाबुरोंनी ती प्रथम केली, आणि त्यानंतर दोन दशके ती करणारे ते एकटेच होते. त्यांच्यानंतर कोण, याची चिंता काबुकीच्या रसिकांनी उघडपणे बोलून दाखवली होती.

डिसेंबर २०१८ मध्ये काबुकी-झात आकोयाचे महिनाभर प्रयोग लागले. काही दिवस तामासाबुरो स्वतः, आणि उरलेल्या दिवशी नाकामुरा बाइशी आणि नाकामुरा कोतारो हे दोन तरुण ओन्नागाता आकोया करणार होते. तामासाबुरोंच्या दिवसाचे तिकीट मला मिळाले नाही. मिळाले ते तरुणांपैकी एकाच्या दिवसाचे, आणि मी थोडासा हिरमुसून चौथ्या मजल्यावर जाऊन बसलो.

त्या दिवसांत इवानागाची भूमिका तामासाबुरोंनी घेतली होती, आणि ती त्यांनी याआधी कधी केली नव्हती. इवानागा हा तांबड्या तोंडाचा, भुवया उडवणारा माणूस, आणि तो पूर्णपणे बाहुलीसारखा हलतो. पाठीशी काळ्या वेषातले दोघे त्याला धरून ‘चालवतात’. आयुष्यभर स्त्रियांच्या भूमिका केलेल्या, ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ असलेल्या ६८ वर्षांच्या नटाने तो रंग फासला होता, आणि लाकडी झटक्यांनी मान वळवत तो तरुण आकोयापासून काही हातांवर बसला होता. कोतो झाला, शामिसेन झाला. कोक्यू सुरू झाल्यावर नाटकात असे ठरलेले आहे, की इवानागा त्या सुरांत इतका वाहवत जातो, की शेगडीतले निखारे हलवायचे चिमटे हातात घेऊन तो स्वतःच कोक्यू वाजवल्याची नक्कल करू लागतो. प्रेक्षागृह हसले. मी वरून पाहत होतो. चिमट्यांवर चिमटा चालत होता, पण त्याची प्रत्येक ओढ त्या तरुणाच्या गजाबरोबर तंतोतंत पडत होती. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ‘यामातोया!’ असे तामासाबुरोंच्या घराण्याचे नाव दाद म्हणून पुकारले, आणि लगेच दुसऱ्या बाजूने त्या तरुणाच्या घराण्याचे.